नंबर प्लीज

मँचेस्टरच्या विमानतळावर
पट्टा थांबतो तो नेमका माझ्या पिशवीपाशी.
बांगड्या ट्रेमध्ये, चपला ट्रेमध्ये,
आणि निळे हातमोजे घातलेला एक उंच माणूस
चेन उघडून विचारतो, हे काय आहे?

पाठ केलेलं वाक्य मी म्हणते:
वैद्यकीय उपकरण. झोपेत श्वास घेण्यासाठी.
डॉक्टर शिराळकरांचं पत्र पुढे करते,
कराडच्या शिक्क्याचं, घडीवर फाटत आलेलं.
तो एक चिंधी फिरवतो मास्कच्या आतून,
जिथे रोज रात्री माझं नाक असतं,
आणि ती चिंधी दुसऱ्या यंत्राला हुंगायला देतो.
माझ्या श्वासात दारूगोळा आहे का,
ते बघायला.

येताना तर सीटखालचं सॉकेटच मेलेलं.
हवाईसुंदरी म्हणाली, दोन दिवस आधी कळवायला हवं होतं.
मग नऊ तास मी टक्क जागी,
शेजारचा पोरगा माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ.
तो घोरत होता, राजरोस.
बाईमाणसाने चारचौघांत घोरायचं म्हणजे.

बारा वर्षं मी एक्स्चेंजच्या बोर्डावर होते.
डोक्याला पट्टा, ओठांपुढे भोंगा,
हातात दोरीच्या पिना,
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
सातारा मिळाला की पुणे तुटायचं.
आता म्हातारपणी पुन्हा पट्टे, पुन्हा नळी,
फक्त बिल कुणाच्या नावावर फाडायचं कळत नाही.

तासाला अठ्ठावीस वेळा थांबता तुम्ही,
डॉक्टर म्हणाले होते. घरात कुणी बोललं नाही कधी?

नाही बोललं.
पण हे अंधारात हळूच म्हणायचे,
हॅलो, कराड?
मला वाटायचं थट्टा, नोकरीवरून चिडवतात.
मी हूं करून कूस बदलायची.
लाइन तुटलेली असायची तेव्हा
आणि हे जोडून द्यायचे, रात्रभर,
सकाळी चहाला डोळे लाल.
मी म्हणायची, पुस्तकं वाचत बसू नका इतकी.

हडर्सफील्डला शर्वरीच्या घरी
मला दिली ती खोली पलंगाएवढीच.
सॉकेटला स्वतःचं बटण, आणि भोकं चौकोनी.
पहिल्या रात्री कॅलम, जावई,
ॲडॉप्टर शोधत शेजाऱ्यांच्या दारात उभा, पायजम्यावर.
दुकानात मी इस्त्रीत घालायचं पाणी मागितलं,
बिनवासाचं, पाच लिटर.
बाई म्हणाली, कपडे फार दिसतात.
म्हटलं, हो, फार.

काल रात्री यंत्र आधीच बांधून ठेवलं.
टॅक्सी चारची.
नळी पुसली, उरलेलं पाणी कुंडीत ओतलं,
म्हटलं एक रात्र काय,
साठ वर्षं झोपलेच की अशी.

आणि कुठल्याशा बिनआवाजाच्या जागी असताना
पातळ भिंतीपलीकडून,
झोपेने जड झालेल्या आवाजात:
हॅलो, कराड?

सात वर्षांची होती. आमच्या पायाशी गादी असायची तिची.
आम्हाला वाटायचं, पोर झोपली.

मी श्वास घेतला.
भिंतीला म्हटलं, नंबर प्लीज.
पलीकडे कुणी हसलं, की रडलं,
भिंत तेवढीही पातळ नव्हती.

हिरवा दिवा लागतो.
निळे हातमोजे यंत्र पिशवीत ठेवतात,
नळीला पीळ पडू न देता,
मास्क वर, काच आत वळवून,
इतकं बरोबर
की मी मान वर करून बघते.

त्याच्या दोन्ही गालांवर
पट्ट्यांचे वळ, पहाटपाळीचे, अजून ताजे.
माझ्या गालांवर आज नाहीत,
म्हणून त्याला ओळख पटत नाही.